झोपेतून उठलेल्या कॉम्प्युटरला वायफाय सापडत नाही तेव्हा

लॅपटॉपचं झाकण उघडलं, पासवर्ड टाकला, कालचं काम पडद्यावर जसंच्या तसं आहे. फक्त कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर फुली. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. अनेकजण मग रोज रीस्टार्ट करायची सवयच लावून घेतात. मला ते बघवत नाही, कारण हा बिघाड बहुतेक वेळा घरच्या घरी, एक रुपया न घालवता दुरुस्त होतो. अडचण एवढीच की तो एकाच जागी नसतो. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीमागे चार वेगवेगळे दोष असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असं झालं की लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने बिघाड जातो, पण त्याबरोबर पुरावाही जातो. दोन मिनिटं थांबा आणि नक्की काय तुटलंय ते बघा.

झोपेत कार्डाचं काय होतं

झोपेचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीला एस-3 म्हणतात. तिच्यात फक्त रॅमला वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. वायफाय कार्डही बंद. उठल्यावर ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) कार्ड पुन्हा जागं करावं लागतं, बऱ्याच कार्डांमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) नव्याने भरावं लागतं, मग आजूबाजूची नेटवर्क शोधायची, राउटरशी ओळख पटवायची, पासवर्डची देवाणघेवाण करायची आणि शेवटी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक) मागायचा. ही साखळी दोन-चार सेकंदांत पुरी होते. तिची एक कडी निसटली की आपल्याला फुली दिसते.

दुसरी पद्धत मॉडर्न स्टँडबाय. हिची सुरुवात 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ या नावाने झाली. यात कॉम्प्युटर मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो. कार्ड पूर्ण बंद होतंच असं नाही, ते अगदी कमी विजेवर तग धरून असतं. त्यामुळे इथले बिघाड वेगळे आणि सेटिंगही वेगळी.

तुमच्याकडे कोणती पद्धत आहे हे विंडोजमध्ये एका आदेशात कळतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून स्लॅश आणि ‘ए’ हे अक्षर टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). उत्तरात ‘एस-0 लो पॉवर आयडल’ उपलब्ध दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय, ‘एस-3’ उपलब्ध दिसलं तर जुनी पद्धत. हे आधीच बघून ठेवा. इंटरनेटवर सुचवलेली निम्मी सेटिंग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सापडतच नाहीत, याचं कारण बहुधा हेच असतं: मॉडर्न स्टँडबाय असलेल्या मशीनमध्ये विंडोज ती दाखवत नाही.

रीस्टार्टआधीची दोन मिनिटं

वायफायच्या खुणेवर क्लिक करा आणि या क्रमाने बघा.

1. वायफायचं बटणच गायब आहे का? डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये वायफाय कार्ड दिसतं का? नसेल, किंवा त्याच्यावर पिवळी खूण असेल, तर कार्डच उठलेलं नाही.

2. कार्ड आहे, पण नेटवर्कची यादी रिकामी आहे? किंवा यादीत तुमचं नेटवर्क आहे पण जोडणी होत नाही? मग दोष कार्डाच्या वीजबचतीत, ड्रायव्हरमध्ये किंवा राउटरमध्ये.

3. जोडलं गेलंय, पण ‘नो इंटरनेट’? कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. कॉम्प्युटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलाय, त्याने बाहेर जाता येत नाही.

4. पत्ता व्यवस्थित आहे तरी पानं उघडत नाहीत? त्याच उत्तरातला ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणजे राउटरचा पत्ता. त्याला पिंग करा (‘पिंग’ आणि पुढे तो पत्ता टाइप करून उत्तर येतं का ते बघा), मग इंटरनेटवरच्या गूगलच्या 8.8.8.8 ला करा. दोन्हीकडून उत्तर आलं आणि तरी पानं उघडत नसतील, तर वायफाय निर्दोष आहे. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय), व्हीपीएन (सगळी वाहतूक एका सुरक्षित बोगद्यातून नेणारी सेवा) किंवा घड्याळ तपासायचं.

आणखी एक साधी गोष्ट: त्याच वेळी घरातल्या मोबाइलवर त्याच वायफायवर नेट चालतंय का? तेही बंद असेल तर लॅपटॉपला हात लावू नका.

कार्डच दिसत नसेल तर

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये यात एक मेख आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच परत उचलते. म्हणजे ड्रायव्हरची बिघडलेली अवस्थाही जपली जाऊ शकते. ‘मी बंद करून चालू केलं तरी तसंच आहे, पण रीस्टार्ट केल्यावर ठीक झालं’ असं जे अनेकांना कोड्यात टाकतं त्याचं उत्तर यात आहे. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक केलं की ते खरंखुरं बंद होतं.

बंद झाल्यावर चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते आणि अडकून बसलेलं कार्ड कोऱ्या अवस्थेत येतं. ऐकायला हा टोटका वाटतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 10 किंवा कोड 43 दाखवणारी कार्डं याने उठताना मी अनेकदा पाहिली आहेत. त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबून खालची खूण काढा.

कार्ड वारंवार गायब होत असेल, तर कॉम्प्युटरच्या उत्पादकाच्या साइटवरून बायोसचं (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं) नवं अपडेट बघा. झोपेतून उठताना कार्डाला वीज कधी द्यायची हे बऱ्याच अंशी बायोस ठरवतं, त्यामुळे तिथला दोष ड्रायव्हर बदलून जात नाही. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला असू द्या आणि मधे काहीही बंद करू नका.

यूएसबीला लावायचं वायफाय डोंगल असेल तर आधी ते हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. मग पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. शेजारच्या पोर्टात यूएसबी 3 ची हार्ड डिस्क असेल तर तिला दूर न्या. यूएसबी 3 च्या उपकरणांचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात मिसळतो हे इंटेलने 2012 मध्येच दाखवून दिलं आहे.

कार्ड आहे, जोडणी होत नाही

सगळ्यात जास्त तक्रारी या गटातल्या असतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिला संशय वीजबचतीवर घ्या. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वायफाय कार्डावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘पॉवर मॅनेजमेंट’. ‘अलाऊ द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ समोरची खूण काढा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये तुमच्या प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये जा: ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’खाली ‘पॉवर सेव्हिंग मोड’ हा ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ करा, आणि ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा. दोन्ही ठिकाणी बॅटरीवरचं आणि चार्जरवरचं अशी दोन वेगळी सेटिंग असतात. लोक एकच बदलतात आणि उपाय फसला म्हणतात. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण रोजच्या खोळंब्यापुढे ते परवडतं.

मॉडर्न स्टँडबायच्या मशीनमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब बहुधा नसतोच. तिथे ड्रायव्हरकडे वळा.

ड्रायव्हरबद्दल एक प्रश्न स्वतःला विचारा: हा त्रास कधीपासून? एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नवा ड्रायव्हर शोधण्याआधी जुन्याकडे परत जा. प्रॉपर्टीजमध्ये ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. त्रास पहिल्या दिवसापासून असेल तर मात्र नवा ड्रायव्हर घ्या, आणि तो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच. ‘अपडेट ड्रायव्हर’ बटण दाबलं आणि विंडोजने ‘सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच आहे’ म्हटलं तर त्यावर थांबू नका. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला तिच्या आवाक्यात याहून चांगला सापडला नाही. ड्रायव्हर ऑफलाइनही टाकता यावा म्हणून फाइल आधी डाउनलोड करून ठेवा. नेट गेल्यावर ती आणायची कुठून?

आता राउटर. हा भाग बहुतेक मार्गदर्शकांमध्ये नसतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी स्वतः एका लॅपटॉपवर दोन आठवडे ड्रायव्हर बदलत बसलो होतो. दोष राउटरच्या चॅनलमध्ये होता.

5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातले 52 ते 144 हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. राउटरला त्यांवर बोलण्याआधी निदान 60 सेकंद ऐकत राहावं लागतं, आणि रडारचा संकेत आला तर चॅनल सोडावा लागतो. कॉम्प्युटरलाही इथे ‘कोणी आहे का?’ अशी हाक सहसा मारता येत नाही. राउटरच्या घोषणेची वाट बघावी लागते. झोपेतून उठल्यावर तुमचं 5 गिगाहर्ट्झ नेटवर्क यादीत उशिरा येत असेल किंवा कधी येतं, कधी येत नाही असं होत असेल, तर राउटरचा चॅनल ‘ऑटो’वरून काढून 36, 40, 44 किंवा 48 वर पक्का करा. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनल 12 किंवा 13 असेल तर 1, 6 किंवा 11 करा. काही कार्डांना वरचे दोन दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. डब्ल्यूपीए 3 या वायफायच्या नव्या सुरक्षा-पद्धतीबरोबर नियंत्रणाचे संदेशही सुरक्षित ठेवण्याची पद्धत सक्तीची झाली. कॉम्प्युटर न सांगता झोपला तर राउटरच्या वहीत तो अजून जोडलेलाच असतो. तो उठून नव्याने दार ठोठावतो तेव्हा राउटरला वाटतं, आत असलेल्याच्या नावाने कुणी तोतया आला. तो ‘थोड्या वेळाने ये’ म्हणतो आणि जुन्या जोडणीची खातरजमा करतो. नीट लिहिलेल्या फर्मवेअरमध्ये हे निमिषात उरकतं, कच्च्यामध्ये अडकतं. राउटरचं फर्मवेअर अपडेट करा. तरी फरक नसेल तर ‘डब्ल्यूपीए 2 / डब्ल्यूपीए 3’ असा मिश्र प्रकार दोन दिवस फक्त डब्ल्यूपीए 2 करून बघा. त्रास गेला तर दोष सापडला. जुन्या, असुरक्षित डब्ल्यूईपीवर मात्र कधीही जाऊ नका.

राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादी लावली असेल, तर कॉम्प्युटरमधली ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ ही सोय तुमच्या नेटवर्कपुरती बंद करा. ती कार्डाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, बदलते, आणि तो बदलला की राउटर कॉम्प्युटरला अनोळखी समजतो.

पत्ता मिळत नसेल तर

राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो. निम्मी मुदत झाली की कॉम्प्युटर नूतनीकरण मागतो. झोपलेला कॉम्प्युटर हे करू शकत नाही. रात्रभरात मुदत संपते, कधी तो पत्ता दुसऱ्या उपकरणाला जातो, आणि सकाळी गोंधळ होतो. म्हणूनच दहा मिनिटांच्या झोपेनंतर सगळं ठीक आणि रात्रीनंतर बंद, असा नमुना दिसला तर संशय इथे घ्या. ‘आयपीकॉन्फिग’पुढे स्लॅश ‘ऑल’ लिहिलं की मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपते ते दिसतं.

तात्पुरता उपाय: ‘आयपीकॉन्फिग’ स्लॅश ‘रिलीज’, मग ‘आयपीकॉन्फिग’ स्लॅश ‘रिन्यू’. कायमचा उपाय: राउटरमध्ये मुदत 24 तासांची करा, किंवा या कॉम्प्युटरसाठी एक पत्ता राखून ठेवा. राखीव पत्ता हार्डवेअरच्या पत्त्यावर चालतो, तेव्हा वर सांगितलेला रँडम पत्ता इथेही बंद हवा.

पत्ता आहे, पानं उघडत नाहीत

व्हीपीएन असेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्या. अनेक व्हीपीएनमध्ये ‘किल स्विच’ असतो: बोगदा तुटला की सगळी वाहतूक रोखायची. झोपेत बोगदा तुटतो, उठल्यावर तो परत जोडला जाईपर्यंत तुम्ही अडकलेले. व्हीपीएन पूर्ण बंद करून एकदा झोपवून बघा.

घड्याळ बघा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल आणि तारीख चुकली असेल, तर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ‘अवैध’ ठरतात. सार्वजनिक वायफायवर असाल तर लॉगिनचं पान परत उघडावं लागत असेल. डीएनएससाठी ‘आयपीकॉन्फिग’ स्लॅश ‘फ्लशडीएनएस’.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ऑप्शन बटण दाबून वायफायच्या खुणेवर क्लिक करा. चॅनल, सिग्नल, सुरक्षेचा प्रकार सगळं तिथेच दिसतं, आणि ‘वायरलेस डायग्नोस्टिक्स’ही तिथूनच उघडतं. ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. नेटवर्क सेटिंगमध्ये नवं ‘लोकेशन’ तयार केलं तर जुन्या सेटिंगची अडगळ बाजूला ठेवून चाचणी करता येते, जुनं काही पुसलंही जात नाही. इंटेलच्या मॅकवर एसएमसी (वीज सांभाळणारी चिप) रीसेट करणं हा एक उपाय आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर तो वेगळा करावा लागत नाही, रीस्टार्ट पुरतो.

लिनक्सवर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ चालवून कार्ड कुणी अडवलेलं नाही ना ते बघा. मग नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट करून बघा. तेवढ्याने चाललं तर कार्ड ठीक आहे. नाही चाललं तर कार्डाचं मॉड्यूल (म्हणजे लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर) काढून परत भरा. वीजबचत बंद करायला नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइलीत ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ची किंमत 2 करा (3 म्हणजे चालू). मॉड्यूल परत भरल्यावरच चालत असेल तर तेच काम करणारी छोटी स्क्रिप्ट ‘सिस्टमडी’च्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवा. झोपताना तिला ‘प्री’ आणि उठताना ‘पोस्ट’ असा निरोप मिळतो.

पुरावा कुठे असतो

विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ चालवा. मागच्या तीन दिवसांतल्या प्रत्येक जोडणीचा आलेख एका पानावर येतो. झोप कधी लागली, जाग कधी आली, जोडणी कोणत्या कारणाने फसली, सगळं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’च्या नोंदींत 8001 म्हणजे जोडणी झाली, 8002 म्हणजे फसली, 8003 म्हणजे तुटली. 8002 च्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं. दहा उपाय आंधळेपणाने करण्यापेक्षा ही एक ओळ वाचणं कितीतरी फायद्याचं.

चाचणीची पद्धतही महत्त्वाची. एका वेळी एकच बदल करा. बदल केल्यावर अर्ध्या मिनिटाची डुलकी पुरेशी नाही, निदान अर्धा तास झोपू द्या आणि एकदा रात्रभर. एकदा बॅटरीवर, एकदा चार्जरवर. काय बदललं आणि काय झालं ते कागदावर लिहा.

‘नेटवर्क रीसेट’ मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते सगळे अडॅप्टर काढून नव्याने बसवतं. वायफायचे पासवर्ड परत टाकावे लागतील आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकेल, याची तयारी ठेवूनच ते दाबा.

आणि काहीच लागू पडलं नाही, पण अडॅप्टर बंद-चालू केल्यावर वायफाय येतं, तर ते काम कॉम्प्युटरकडूनच करून घ्या. टास्क शेड्युलरमध्ये नवं काम तयार करा, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करा. ट्रिगर ‘ऑन ॲन इव्हेंट’: लॉग ‘सिस्टम’, स्रोत ‘पॉवर-ट्रबलशूटर’, क्रमांक 1. मॉडर्न स्टँडबाय असेल तर स्रोत ‘कर्नल-पॉवर’ आणि क्रमांक 507. कृती म्हणून पॉवरशेल, त्यात ‘रीस्टार्ट-नेटअडॅप्टर’ हा आदेश आणि तुमच्या अडॅप्टरचं नाव. ‘कंडिशन्स’ टॅबवरची फक्त चार्जरवर चालण्याची अट काढायला विसरू नका, नाहीतर बॅटरीवर हे काम होणारच नाही.

एवढं करूनही कार्ड दर दोन दिवसांनी डिव्हाइस मॅनेजरमधून नाहीसं होत असेल, तर ते थकलेलं आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एम-2 सॉकेटमध्ये एका स्क्रूने बसवलेलं असतं आणि बदलता येतं. काहींमध्ये मदरबोर्डवर डाख देऊन पक्कं केलेलं असतं, तिथे छोटं यूएसबी डोंगल हाच सरळ मार्ग. वॉरंटी चालू असेल तर झाकण स्वतः उघडू नका. तीन दिवसांचा तो रिपोर्ट मात्र जतन करून दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.